चष्म्याच्या दुकानातल्या अकरा जणी

६ जानेवारी

माझ्या भिंगरीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, आणि एकदा आनंदाच्या भरात चष्मा न लावताच. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडलीस ते बरंच केलंस. किती वर्षं लोकांना विचारशील, खालची ओळ दिसते का म्हणून? आता संगणकातल्या चोरांना पकडायचं शिकणार, तेही तीन महिन्यांत! मी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून सांगितलं. थोडं गुडघ्यामुळेही थांबावं लागतं, पण सांगायला बरं पडतं.

तळमजल्यावरचे हेडमास्तर म्हणाले, "तीन महिन्यांत केस खांद्याला लागत नाहीत, आजीबाई. आणि ही चोर पकडणार?" मी म्हटलं, "तुम्हाला केसांचीच उपमा कशी सुचली हो?" डोक्यावरून हात फिरवत आत गेले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी समोरच्याला बाकावर उभं केल्यासारखंच बोलतात.

आता खरी बातमी. शेजारची शिवणवाली आली आणि म्हणाली, "आजी, मी पासवर्ड सारखी विसरते. तुमची नात आता त्यातलीच, तर तुमच्याकडे लिहून ठेवाल का?" का नाही? हॉस्पिटलच्या चादरींच्या कोठारात अठ्ठावीस वर्षं बेचाळीस कपाटांच्या किल्ल्या मी सांभाळल्या, एक हरवली नाही. मोठ्या सर्जनलासुद्धा वहीत सही केल्याशिवाय किल्ली दिली नाही. लगेच हिरव्या पुठ्ठ्याची वही काढली. एका घराला एक पान. दोन दिवसांत अख्खी इमारत आली. हेडमास्तर सगळ्यांत शेवटी आले, इकडेतिकडे बघत.

वही उशीच्या अभ्र्यात आहे. तू तिथे सांभाळ, मी इथे सांभाळते. आपल्या दोघींचा धंदा आता एकच!

फोन करते म्हणतेस, तो नको. मला त्यातलं ऐकू येत नाही, आणि आलं तरी तू "हो आजी, बरं आजी" याच्यापुढे जात नाहीस. कागदावर निदान पान भरावं लागतं.

तुझी आनंदात असलेली
आजी


१४ जानेवारी

प्रिय आजी,

वर्गातल्या प्रिंटरवर छापून पाठवते, कारण घाई आहे. ती वही जाळ. आजच. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो, लिहायचा नसतो आणि शेजारच्या आजीकडे ठेवायला तर मुळीच द्यायचा नसतो. आम्हाला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. मी सरांना सहज विचारलं, एका इमारतीचे सगळे पासवर्ड एका उशीत असले तर काय? सगळा वर्ग हसला. उशी माझ्या आजीची आहे हे मी सांगितलं नाही.

अभ्यास छान चाललाय. सर म्हणतात या क्षेत्रात हजारो जागा रिकाम्या पडल्यात, माणसंच मिळत नाहीत.

वही जाळ. लगेच.

भिंगरी


२० जानेवारी

भिंगरीच्या नावाने लिहिणाऱ्या व्यक्तीस,

आपलं पत्र मिळालं. छापील आहे. माझ्या नातीचं अक्षर मुंग्यांची रांग पावसात सापडल्यासारखं आहे, ते मी अंधारातही ओळखते. शिवाय "आजच", "लगेच", "घाई आहे" असं तीन वेळा लिहिलंय. कोठारात मी एक गोष्ट शिकले. जो किल्लीसाठी घाई करतो, त्याला किल्ली द्यायची नाही. उलट त्याला स्टुलावर बसवून पाणी द्यायचं आणि तोंड नीट बघून ठेवायचं.

तेव्हा वही जाळणार नाही. आपण खरंच भिंगरी असाल तर हाताने लिहून कळवा: सात वर्षांची असताना माझं काय मोडलंत आणि कुणावर ढकललंत?

उत्तर आल्यावर विचार करू.

वहीची जबाबदार,
आजी (म्हणजे तुम्ही भिंगरी असाल तर)


२ फेब्रुवारी

आजी,

तुझी दातांची कवळी. मांजरावर ढकललं होतं. आपल्याकडे मांजर नव्हतं.

हसून हसून पोट दुखलं, मग जरा लाजही वाटली. तू केलंस तेच चौथ्या आठवड्यात आम्हाला शिकवलं: पत्र ओळखीच्याच्या नावाने आलं तरी मागणाऱ्याची खातरी करून घ्यायची. परीक्षेत वर्गातल्या फक्त दोघांना जमलं. मी त्यात नव्हते.

पण वहीचं काहीतरी कर गं. जाळायची नसेल तर ज्याचं पान त्याला परत दे, आणि नवा पासवर्ड ठेवायला सांग. नवा तुला सांगायचा नाही!

भिंगरी


११ फेब्रुवारी

लबाड भिंगरे,

कवळी! मला वाटलं होतं तू घड्याळ म्हणशील. ती पण तूच मोडलीस तर.

पानं परत केली, प्रत्येकाची सही घेऊन. कुणाचा काय होता ते मरेपर्यंत सांगणार नाही, पण एवढं सांगते की या इमारतीत कल्पनाशक्ती कुणाकडेच नाही. एक ते आठ आकडे ओळीने, असे सात जण. सात! चोराला आकडे मोजता आले की झालं. दुसऱ्या मजल्यावरचा नवरा हळूच येऊन म्हणाला, "बायकोचंही पान द्या, मीच नेतो." थोड्या वेळाने बायको आली ती नवऱ्याचं मागायला. दोघांनाही स्टुलावर बसवून पाणी दिलं.

हेडमास्तरांनी पान हातात घेतलं आणि विचारलं, "वाचलं नाहीत ना?"

"लिहिलं मीच," म्हटलं.

शिवणवाली मात्र पान घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, "आजी, तुमची नात आता खुर्चीत बसून काम करणार ना?" शाळेचे गणवेश शिवून तिची मान कायमची वाकलीय. नवरा दूर, पोरगी दुसरीत. मी म्हटलं, "खुर्चीत, आणि ती खुर्ची गोल फिरते!"

परीक्षा नीट दे. डोळ्यांवर पाणी मारत जा.

आजी


३० मार्च

आजी,

प्रमाणपत्र मिळालं! त्याची प्रत पाठवतेय, तुला बघायला. आणि नोकरीही लागली, जिथे शिकले त्या संस्थेतच. मी आता सल्लागार आहे. दिवसभर फोनवर लोकांशी सुरक्षेबद्दल बोलते. खुर्ची गोल फिरते.

खूप काम आहे, पुढच्या वेळी सविस्तर लिहीन.

भिंगरी


८ एप्रिल

माझ्या सल्लागारीणबाईंस,

सविस्तर कुठलं, तुझं पत्र तर औषधाच्या चिठ्ठीएवढं! पण कामाच्या माणसाचं असंच असतं. मोठा सर्जन तर सहीसुद्धा अर्धीच करायचा.

प्रमाणपत्र मी खाली, टपालाच्या पेट्यांवर चिकटवलंय. येणाराजाणारा वाचतो. सोनेरी कड आहे, शिक्का आहे, आणि सरांची सही अशी आहे की जणू त्यांना सही करताना कुणी गुदगुल्या करत होतं. हेडमास्तर रोज त्यासमोर उभे राहतात, हात मागे बांधून. जळतात, दुसरं काय.

आणि ऐक! शिवणवालीने तुझ्या संस्थेला फोन लावला. तू सापडशील असं वाटलं होतं, पण दुसरीच कुणी होती. ती काय गोड बोलली म्हणून सांगू! म्हणाली, "ताई, मी पण तुमच्यासारखीच होते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहायचे. वाटायचं, आपल्याला काय जमणार? आणि आज बघा!" शिवणवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्म्याच्या दुकानातल्या किती मुली तिकडे पोचल्यात गं? तूच आणलीस वाटतं मैत्रीण.

ती बाई म्हणाली, फक्त दोन जागा उरल्यात आणि महिनाअखेरपर्यंत पैसे भरायचेत. तर शिवणवालीने मशीन विकायला काढलंय. पंचवीस तारखेला माणूस येऊन घेऊन जाणार. मी तिला म्हटलं, बिनधास्त वीक, माझी नात आहे तिथे! तू तिच्याकडे लक्ष दे. शिवणवाली हुशार आहे. एकदा बघून कोटाची बाही कापते.

तुझी, नाक वर करून फिरणारी
आजी


१३ एप्रिल

आजी,

हे पत्र खाली बसून वाच.

ती माझी मैत्रीण नव्हती. आम्ही अकरा जणी एका लांबट खोलीत बसतो, कानाला फोन लावून. समोर एक कागद असतो आणि त्यावरचं वाचायचं असतं. चष्म्याच्या दुकानातली मुलगी म्हणजे मी. सरांनी माझी गोष्ट विचारली आणि कागदावर उतरवली. आता अकराही जणी दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभ्या राहिलेल्या असतात. एक तर आधी बेकरीत होती, तिला म्हणाले, चष्म्याचं दुकान जास्त बरं वाटतं. जागा नेहमी दोनच उरलेल्या असतात. मी आल्यापासून दोनच आहेत.

प्रमाणपत्र खोटं नाही. मी शिकले, खरंच शिकले. पण एकेचाळीस ठिकाणी अर्ज केले आणि नवशिक्याची जागा म्हणून जाहिरात देणारे सगळे तीन वर्षांचा अनुभव मागतात. शेवटी सर म्हणाले, इथेच ये. आमच्या तुकडीतल्या ज्या सात जणांना "नोकरी लागली" असं संस्थेच्या जाहिरातीत छापलंय, ते सातही जण या खोलीतच बसलेत. ज्या जागा मला मिळाल्या नाहीत, त्यांच्याबद्दल मी लोकांना सांगते.

तुला आधी सांगवलं नाही. तू जिन्यात उभी राहून सांगत असशील असं डोळ्यांसमोर यायचं.

आजी, तिला थांबव. मशीन विकू देऊ नकोस. पण माझं नाव मधे आणू नकोस. सांग की या कामाने डोळे बिघडतात, मान आणखी वाकते, काहीही सांग. ही नोकरी गेली तर मला परत त्या चष्म्याच्या दुकानात जावं लागेल, आणि तिथे माझ्या जागी दुसरी आली आहे.

भिंगरी


१६ एप्रिल

भिंगरे,

खाली बसूनच वाचलं. चहा दोनदा गार झाला.

रागावले का? हो. तुझ्यावर अर्धी, त्या गुदगुल्यावाल्या सरांवर पाऊण, आणि उरलेली माझ्यावर. हिशोब जास्त होतोय, मला माहीत आहे. चौथीतच शाळा सुटली माझी.

काय ती अक्कल म्हणायची! चोरांपासून लोकांना वाचवायला शिकवतात, आणि शिकून झालं की फोन देऊन बसवतात, दुसऱ्यांना गाठायला. आमच्या हॉस्पिटलने रोग्याला बरं करून दारात उभं केलं असतं, नवीन रोगी आणायला, तर? निदान आम्ही त्याला चादर तरी धुतलेली देत होतो.

आता तुझं मागणं. डोळे बिघडतात असं सांगू? तीन महिने ज्या तोंडाने तुझी दवंडी पिटली, त्याच तोंडाने? ती विचारेल, "मग नातीचे नाही का बिघडत?" तेव्हा काय सांगू, तिच्याकडे चष्म्याचं दुकान होतं म्हणून?

मी थांबवीन तिला. पण आधी तू सांग. चूक तुझी एकटीची आहे म्हणून नव्हे, गोष्ट तुझी आहे म्हणून. अकरा जणी ती सांगतायत, त्यातल्या एकीने तरी खरी सांगावी. नंबर खाली लिहिलाय. ती दुपारी जेवून सुईत दोरा ओवत असते, तेव्हा उचलते.

नोकरीचं म्हणशील, तर मला भीती वाटत नाही असं नाही. वाटते. रात्रभर नाही, पण पहाटे वाटते. तरी मशीन गेलं तर तिच्याकडे परत जायला दुकानसुद्धा नाही.

माणूस पंचवीसला येणार. विसरू नकोस.

आजी


२१ एप्रिल

आजी,

केला फोन. संस्थेच्याच फोनवरून, माझ्याच खुर्चीतून, कारण वाटलं की बाहेर जाऊन केला तर जिन्यातच धीर जाईल.

मी म्हटलं, "मी आजींची नात बोलतेय. पैसे भरू नका. इथे नोकरी मिळत नाही. मला मिळाली ती हीच, फोन करायची."

ती मग म्हणाली, "पण तुझं प्रमाणपत्र खाली लावलंय."

"ते खरं आहे. पुढचं खोटं आहे."

"म्हणजे तुला मिळालं ते खरं आणि मला मिळणार ते खोटं?"

"तसं नाही ताई..."

"तसंच आहे. तू वर पोचलीस, आता शिडी ओढून घेतेस. शिवणवालीने शिवतच राहावं ना? ती बाई बरी होती. तिने निदान मला ताई मनापासून म्हटलं." आणि फोन ठेवला. आजी, त्या बाईने सांगितली ती गोष्ट माझीच होती गं. शिवणवाली माझ्यापेक्षा कागदावरच्या मलाच जास्त मानते.

अर्ध्या तासात सरांनी बोलावलं. सगळे फोन तिथे रेकॉर्ड होतात, चांगल्या सेवेसाठी. म्हणाले, "तू संस्थेच्या सुरक्षेला धोका आहेस." ही पदवी तीन महिन्यांत मिळाली, हेडमास्तरांना सांग.

सामान पिशवीत भरून घरी आले. संध्याकाळी सहज बघितलं, तर माझा पासवर्ड त्यांनी बंदच केला नव्हता. ज्यांना ज्यांना फोन गेले त्या सगळ्यांची नावं, नंबर, कोण किती अडचणीत आहे, सगळं मला घरबसल्या दिसत होतं. सुरक्षा शिकवणारी संस्था! क्षणभर हात शिवशिवले. मग मीच त्यांना कळवलं, दार उघडं राहिलंय, बंद करा. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही दार उघडंच. पुन्हा कळवलं.

एका हॉस्पिटलमध्ये संगणकाच्या मदतीची जागा आहे. लोक पासवर्ड विसरले की नवा करून द्यायचा, प्रिंटरमध्ये कागद अडकला तर काढायचा. तीस तारखेला बोलावलंय. चोर वगैरे नाहीत. लागेलच असं नाही.

पण तिचं काय? पंचवीस आलीच.

भिंगरी


२६ एप्रिल

माझ्या धोकादायक भिंगरीस,

तुझं पत्र चोवीसला आलं. त्याच दुपारी खाली गेले आणि प्रमाणपत्र काढलं. फाडलं नाही, नीट सोडवलं. ते तुझ्या मेहनतीचं आहे, कपाटात ठेवलंय. मग तळमजल्यापासून सुरुवात केली. दार वाजवायचं आणि सांगायचं: "माझ्या नातीला नोकरी लागली असं मी सांगितलं होतं. ती तशी नव्हती. तिने खरं सांगितलं म्हणून तिला काढलं. मी न विचारता दवंडी पिटली, ती परत घेते." प्रत्येक दारात हेच. चौथ्या दारापर्यंत पाठ झालं, सहाव्यापासून तर जरा अभिमानानेच सांगायला लागले. लोक तोंड पाडून "अरेरे" म्हणतात. मी म्हणते, अरेरे काय, विचारा ना कशासाठी काढलं!

हेडमास्तर हसतील म्हणून त्यांचं दार मी सगळ्यांत आधी घेतलं होतं, कडू औषध आधी. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "फोनवर चष्म्याचं दुकान सांगतात, तीच संस्था?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?"

बुटांकडे बघत म्हणाले, "मी पण भरलेत पैसे. तिसरा आठवडा चालू आहे." अगं, रोज प्रमाणपत्रासमोर उभे राहायचे ते जळत नव्हते, आपलं नाव तिथे कसं दिसेल ते बघत होते! मला इतकं हसू आलं, आणि मग वाईट वाटलं, आणि मग पुन्हा हसू आलं.

शिवणवालीने मला दारातूनच परत पाठवलं. "तुम्ही नातीचीच बाजू घेणार." काल सकाळी मशीन न्यायला माणूस आला, हातगाडी घेऊन. मी आडवी उभी राहिले. म्हातारीला ढकलायचं कसं म्हणून तो बिचारा दोरी हातात धरून थांबला. ती चिडली, मी चिडले, पोरगी रडायला लागली. तेवढ्यात हेडमास्तर जिना चढून आले, धापा टाकत. काही समजावलं नाही, उपदेश नाही. हात मागे बांधून, कविता म्हणतात तसं म्हणायला लागले, "ताई, मी पण तुमच्यासारखीच होते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहायचे. वाटायचं, आपल्याला काय जमणार? आणि आज बघा." शेवटच्या शब्दापर्यंत, एक काना इकडेतिकडे नाही. "मला त्या बाई ताईऐवजी 'सर' म्हणाल्या होत्या," ते म्हणाले, "बाकी सगळं हेच. जागाही दोनच होत्या."

टक्कल पडलेला माणूस दारात उभा राहून सांगतोय की मी चष्म्याच्या दुकानातली मुलगी होते. हातगाडीवाला हसला. तिला हसू नाही आलं. तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. तिने हातगाडीवाल्याला जा म्हटलं, आणि आमच्या दोघांच्या तोंडावर दार आपटलं.

ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्यावर तर फारच राग आहे. खरं सांगणाऱ्यावर असतोच, फसवणारा तिच्या हाताला लागत नाही ना. तू परत फोन करू नकोस इतक्यात.

तीसला हॉस्पिटलात विचारतील अनुभव किती, तर जे झालं ते सांग, उघड्या दाराचंही सांग. न लागली तर इकडे ये. लागली तरी आधी इकडे ये, तुझं तोंड बघायचंय मला.

सकाळपासून भिंतीपलीकडे मशीन चालू आहे. मधेच थांबतं, मग तुझ्यामाझ्या नावाने काहीबाही ऐकू येतं, मग परत चालू. चहा घेऊन जाणार होते तिच्याकडे. पण आज नको. आज तिच्या हातात कात्री आहे.

आजी